सखाहरी गुरुजींची निष्पत्ती

एका गावात एक भोळा मास्तर होता. तसे भोळे लोक गावोगाव असतात, पण त्यांच्या हातात कुणी सहावी, सातवी आणि आठवी देत नाही. निंबखोरीत दिली होती.

त्याचं नाव सखाहरी गुरुजी. माणूस सरळ. सांगितलेलं ऐकायचे आणि तेवढंच ऐकायचे. एकदा मुख्याध्यापिका शेंडगे बाई म्हणाल्या, "गुरुजी, आज जरा घंटेकडे लक्ष ठेवा." गुरुजी दिवसभर घंटेकडे बघत उभे राहिले. घंटा वाजली नाही. ती वाजवायचं काम त्यांचंच होतं.

एके वर्षी वरून शाळेत तक्ते आले. पुस्तकं यायची होती, खडूही यायचे होते, तक्ते मात्र वेळेवर आले. गुळगुळीत कागद, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, आणि वर मोठ्या अक्षरांत 'अध्ययन निष्पत्ती'. म्हणजे काय, तर वर्षाच्या शेवटी मुलाला काय काय यायला हवं ते. विद्यार्थी निरीक्षण करतो. विद्यार्थी निष्कर्ष काढतो. विद्यार्थी प्रश्न विचारतो. सगळं आधीच झाल्यासारखं लिहिलेलं. ज्यांनी लिहिलं त्यांनी निंबखोरी बघितली नव्हती, त्यामुळे लिहिताना हात कुठे अडखळला नाही.

तक्त्यांच्या मागून आदेश आला. मार्चअखेर या शाळेत निष्पत्ती दिसल्या नाहीत, तर वरचे तीन वर्ग बंद. मुलांनी तालुक्याला जावं.

मुलांचं काय, मुलं गेली असती. पण सातवीत अनुसया होती. वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हुशार. तिच्या वडिलांनी, भिकाजी आबांनी, तिला एकदाच सांगून ठेवलं होतं, "गावात शाळा आहे तोवर शीक. तालुक्याला पोरगी धाडायची आपल्यात रीत नाही. मग स्थळं बघायची." आबा तसे प्रेमळ होते. पण बोलले की बोलले.

म्हणून बाईंनी गुरुजींना तक्त्यांसमोर उभं केलं आणि हात जोडले. "गुरुजी, विस्तार अधिकारी हिंगमिरे साहेब आता वरचेवर तपासायला येणार. ते सांगतील तसं करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"छे छे, बाई," गुरुजी म्हणाले. "मी कधी चालवतो?"

हिंगमिरे साहेब आले ते मराठीच्या तासाला. गुरुजींनी पोरांना समुद्रावरचा धडा विचारला. पोरांनी तो स्वल्पविरामासकट म्हणून दाखवला. मधे छपाईची एक चूक होती, तीही म्हटली.

साहेब भडकले. "ही पोपटपंची झाली, गुरुजी! निष्पत्ती काय आहे? विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगतो. पुस्तकातले शब्द नकोत. स्वतःचे पाहिजेत!"

"असं होय! बरं साहेब. यापुढं तसंच," गुरुजी म्हणाले.

यापुढे गणिताचा तास होता.

"सात साती किती?" गुरुजींनी विचारलं.

"एकोणपन्नास!" वर्ग ओरडला.

"हे पाढ्यातले शब्द झाले. स्वतःच्या शब्दांत सांगा."

मग पिराजी नावाचा एक बुटका पोरगा उठला. "गुरुजी, पन्नासला जरा कमी पडतात."

"शाब्बास!"

"आमच्या थोरल्या आत्याएवढे," दुसरी एक पोरगी म्हणाली.

"वा! नऊ साती?"

"आत्याच्या सासूएवढे. ती पण कमीच सांगते."

पाढे म्हणता म्हणता अख्खी आळी येऊन गेली. अनुसयानं हात वर करून "त्रेसष्ट" म्हटलं, तर गुरुजी हिरमुसले. "तुझे स्वतःचे शब्द नाहीत का गं?"

पुढच्या फेरीला साहेबांनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, गणितात कसले स्वतःचे शब्द? गणितात उत्तर एकच! सगळ्या वर्गाचं तेच यायला पाहिजे. एकाचं जरी वेगळं आलं, तरी ते चुकलं. समजलं?"

"असं होय! बरं साहेब. यापुढं तसंच."

यापुढे विज्ञान होतं. विद्यार्थी मोजमाप करतो आणि नोंद घेतो. गुरुजींनी भिंतीवर पट्टी आखली आणि पोरांना आपापली उंची मोजायला लावली. पहिली अनुसया गेली. तिचा आकडा गुरुजींनी फळ्यावर लिहिला. मागून पिराजी गेला.

"चुकलं तुझं," गुरुजी म्हणाले. "परत मोज."

पिराजीनं परत मोजली. उत्तर तेच आलं.

"परत चुकलं. हिचं बघ किती नीट आलंय."

"गुरुजी, मी एवढाच हाय."

"एवढाच कसा? उत्तर एकच असतं. अभ्यास कमी पडतोय तुझा."

पिराजी रडायला लागला. मग कुणीतरी शाळेच्या संडासाच्या विटा आणल्या. तो संडास कागदावर कधीच बांधून झाला होता, त्यामुळे विटा रिकाम्याच होत्या. कुणाला एक लागली, कुणाला दोन, पिराजीला सगळ्यांत जास्त. हिंगमिरे साहेब दारात आले तेव्हा अख्खा वर्ग विटांवर उभा होता, सगळ्यांची डोकी एका रेषेत, आणि गुरुजी समाधानानं फळ्याकडे बघत होते.

"काय चाललंय हे?"

"सगळ्यांचं बरोबर आलं, साहेब."

साहेबांनी आधी पिराजीला विटांवरून खाली उतरवलं. "गुरुजी, विज्ञानात उत्तर ठरवून ठेवायचं नसतं हो. विज्ञानात प्रत्यक्ष करून बघायचं. कुणी सांगितलं, पुस्तकात छापलं, म्हणून खरं मानायचं नाही. स्वतः करायचं आणि काय होतं ते बघायचं. एवढं तरी डोक्यात ठेवा."

"असं होय! बरं साहेब. यापुढं तसंच."

यापुढे इतिहास होता. बाईंनी वेळापत्रक बघितलं आणि त्या तासाला स्वतः बसायचं ठरवलं. पण त्यांना त्या दिवशी कुत्र्यांची गणना करायला पाठवलं होतं. वरून आदेश होता. त्या गेल्या.

धडा गडाच्या वेढ्याचा होता. शत्रूनं गडाला वेढा घातला, दाणापाणी तोडलं, आणि शेवटी किल्लेदार शरण आला. गुरुजींनी पुस्तक मिटलं. "हे पुस्तकात छापलंय. खरं कशावरून? करून बघू."

गावात किल्ला नव्हता. ग्रामपंचायत होती. आत सरपंच बाजीराव होते आणि त्यांच्यासमोर जेवायला बोलावलेले हिंगमिरे साहेब होते. पोरांनी बाहेरून कडी घातली आणि इमारतीला वेढा दिला. डबा घेऊन आलेल्या माणसाला वेशीवरूनच माघारी लावलं. रस्सा होता, पण मोहीम म्हणजे मोहीम.

साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "ए! कडी काढा!"

"शरण येता का?" गुरुजींनी विचारलं.

"कोण शरण? गुरुजी, मी साहेब आहे!"

"किल्लेदारही आधी असंच म्हणाला होता, साहेब. धडा पाचवा."

उन्हं चढली. आत पंखा होता, वीज नव्हती. पोरं बाहेर पाळीपाळीनं घरी जाऊन जेवून आली. शत्रूला ती सोय असते. आतून सरपंचांचा आवाज यायला लागला, "साहेब, मला साखरेचा त्रास आहे हो. या ना शरण. तुमचं काय जातंय?"

"माझी नोकरी आहे, सरपंच!"

"आणि माझा रस्सा गार व्हायला लागलाय."

शेवटी खिडकीतून पांढरा रुमाल हलला. पोरांनी जल्लोष केला. गुरुजींनी फळा मागवला आणि तिथंच निष्कर्ष लिहिला, 'किल्लेदार शरण येतो. खरे आहे.'

हिंगमिरे साहेब बाहेर आले ते ओरडतच. "इतिहास करून बघायचा नसतो! तो घडून गेलेला असतो! कोण जिंकला, कोण हरला, सगळं आधीच ठरलेलं असतं. पोरांनी निकाल पाठ करायचा, आणि आपण त्यात बोट घालायचं नाही!"

"असं होय! बरं साहेब. यापुढं तसंच."

यापुढे नागरिकशास्त्र होतं. विद्यार्थी निवडणुकीची प्रक्रिया समजून घेतो. वर्गात मुख्यमंत्र्याची निवडणूक ठेवली होती. अनुसया उभी होती आणि सरपंचांचा पुतण्या उभा होता. पोरं चिठ्ठ्या फाडून तयार बसली होती. गुरुजी आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'सरपंचांचा पुतण्या निवडून आला.'

"गुरुजी, मतदान?" अनुसयानं विचारलं.

"निकाल आधीच ठरलेला असतो. आपण त्यात बोट घालायचं नाही. पाठ करा."

पोरांनी निकाल पाठ केला. ही गोष्ट गावभर झाली. सरपंचांना तर हा धडा फार आवडला. गुरुजींना विषय पक्का समजलाय, असं ते चारचौघांत म्हणाले.

एवढं सगळं होईस्तोवर मार्च जवळ आला. आता जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः येऊन वर्ग ठेवायचे की बंद करायचे ते ठरवणार होते. हिंगमिरे साहेबांच्या अंगात ओरडायचं बळ उरलं नव्हतं. ते गुरुजींना लिंबाखाली घेऊन बसले आणि पहिल्यांदाच नीट, शांतपणे, खरोखर कामाचं असं काहीतरी बोलले.

"गुरुजी, तुम्ही अख्ख्या वर्गाला एकदम हाकता ना, तिथं घोळ होतो. एकेका मुलाला विचारा. ज्याला आलं त्याला मोकळं सोडा. ज्याला येत नाही त्याला समोर बसवा आणि त्याच्यावर लक्ष द्या. बस. एवढंच करा."

"असं होय! बरं साहेब. यापुढं तसंच."

गुरुजींनी एकेकाला बोलावलं. सातवीतली पोरं एरवी मठ्ठ दिसायची, पण एकेकाला समोर घेऊन विचारलं की त्यांना बरंच यायचं. आजवर तसं कुणी विचारलं नव्हतं. पिराजीनं अर्धा अधिक पाव म्हणजे पाऊण हे झटक्यात सांगितलं.

"आलं तुला. जा," गुरुजी म्हणाले.

"कुठं?"

"मोकळा हो."

"परत कधी येऊ?"

"आलं ना तुला? मग परत कशाला?"

पिराजी दप्तर न घेताच पळाला, गुरुजींचा विचार बदलायच्या आत. बातमी पसरली. पोरं असली अभ्यासाला कधी लागली नव्हती. रोज कुणीतरी घोकून यायचं, धडाधड उत्तरं द्यायचं आणि शेळ्यांमागं जायचं. सहावी रिकामी झाली. आठवी रिकामी झाली. बाईंनी डोक्याला हात लावला आणि हिंगमिरे साहेबांना फोन केला. साहेब बैठकीत होते. बैठक निष्पत्तींवरच होती, त्यामुळे ती संपेना.

अनुसया पहिल्याच दिवशी मोकळी झाली होती. ती घरी गेली तेव्हा आबा गोठ्यात होते.

"इतक्या लवकर गं?"

"गुरुजी म्हणाले, सगळं आलं. आता यायला नको."

आबांना अभिमान वाटला. त्यांनी दोन घरांना सांगितलं, "पोरीचं शिक्षण पुरं झालं." आणि तिसऱ्या घरी जाऊन मुलाची पत्रिका मागितली.

दुसऱ्या दिवशी अनुसया शाळेत हजर झाली आणि समोरच्या बाकावर बसली.

"तुला आलंय ना?" गुरुजी म्हणाले.

"नाही गुरुजी. विसरले."

"अर्धा अधिक पाव?"

"दीड."

गुरुजींना वाईट वाटलं. "बस बाई. तुझ्यावर लक्ष द्यायला हवं."

ती रोज यायची. रोज गुरुजी विचारायचे, रोज ती चुकायची. कधी पृथ्वी चौकोनी सांगायची, कधी उन्हात पाणी गोठवायची. आणि उरलेला वेळ आठवीचं पुस्तक काढून वाचत बसायची. आबांना घरी सांगायची, "अजून येत नाही म्हणतात गुरुजी." आबा पत्रिका परत कोनाड्यात ठेवायचे. पुरं न शिकलेली पोरगी उजवायची म्हणजे त्यांना घाईचं वाटायचं.

शेवटी मोठे साहेब आले. सोबत हिंगमिरे साहेब होते, इस्त्री केलेले आणि घाबरलेले. भिंतीवर तक्ते होते. वर्गात बाकं होती. बाकांवर अनुसया होती.

"मुलं कुठं आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आलं त्यांना, साहेब. सोडली," गुरुजी म्हणाले.

"सोडली म्हणजे?"

"ह्या साहेबांनीच सांगितलं. ज्याला आलं त्याला मोकळं सोडा."

मोठ्या साहेबांनी हिंगमिरे साहेबांकडे बघितलं. हिंगमिरे साहेबांनी तक्त्यांकडे बघितलं.

"तीन वर्गांना मिळून एक मुलगी," मोठे साहेब म्हणाले. "एकट्या मुलीसाठी शासन वर्ग चालवत नाही. बंदच करायला लागेल."

शेंडगे बाई पुढं आल्या. "साहेब, निदान तिला विचारून तरी बघा. एखादी निष्पत्ती दिसली तर—"

"ठीक आहे. सांग बाळ, अर्धा अधिक पाव किती?"

अनुसया उभी राहिली. चुकीचं सांगावं, तर निष्पत्ती नाही आणि वर्ग बंद. बरोबर सांगावं, तर गुरुजी तिथंच म्हणणार, आलं तुला, जा. दारात माणसं जमली होती. त्यात आबा होते.

"बोल की," मोठे साहेब म्हणाले. "येत नाही का?"

अनुसयानं विज्ञानाच्या तक्त्याकडे बघितलं. "साहेब, तिथं लिहिलंय, विद्यार्थी प्रश्न विचारतो. आधी मी विचारू?"

मोठ्या साहेबांना बरं वाटलं. कुठं तरी एक निष्पत्ती दिसली. "विचार, विचार."

"वर्ग बंद झाल्यावर मी कुठं शिकायचं?"

"सोपं आहे. तालुक्याला."

"एसटी दुपारी येते. तिथली शाळा सकाळी भरते."

"मग चालत जा."

"मधे ओढा आहे. पूल मंजूर आहे."

"मंजूर आहे ना? मग झालं तर."

"मंजूरच आहे, साहेब. तिथं नाहीये. आणि आबा पाठवणार नाहीत. मग मी कुठं शिकायचं?"

साहेबांनी घाम पुसला. दारातली माणसं बघत होती. "अगं, आता ते... ते मला काय माहीत?"

इतका वेळ गुरुजी कोपऱ्यात उभे होते. त्यांचे डोळे चमकले.

"माहीत नाही?"

"नाही माहीत! मी काय—"

"असं होय! मग समोर बसा, साहेब."

गुरुजींनी मोठ्या साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यात इतकी माया होती की साहेब बसले. गुडघे बाकाखाली मावेनात, तेव्हा गुरुजींनी ते तिरके करून दिले. मग ते हिंगमिरे साहेबांकडे वळले.

"तुम्हाला येतं का हो ह्या प्रश्नाचं उत्तर?"

"मी कसं सांगू? वरून आदेश आल्याशिवाय..."

"ह्यांनाही नाही. तुम्ही ह्यांच्या शेजारी. एकमेकांचं बघू नका."

आणि ही विनोदाची गोष्ट आहे असं कुणाच्या लक्षात यायच्या आत गुरुजींनी हजेरीपट उघडला आणि सातवीच्या खाली, शाईनं, वळणदार अक्षरात दोन्ही साहेबांची नावं चढवली. पुढं 'हजर' असं लिहिलं.

मोठे साहेब ताडकन उठायला गेले. बाकानं त्यांना धरून ठेवलं. "काय मूर्खपणा आहे हा! खोडा! माझं नाव खोडा आधी!"

गुरुजी पेन घेऊन वाकले. तेवढ्यात शेंडगे बाईंनी पटावर हात ठेवला. इतकी वर्षं साहेबांसमोर त्यांचा आवाज वर गेला नव्हता.

"साहेब, हजेरीपटात खाडाखोड चालत नाही. तुमच्याच सहीचं परिपत्रक आहे. एका गुरुजींची वेतनवाढ गेली त्यात."

"मग... मग नाव कमी करा!"

"दाखला काढल्याशिवाय नाव कमी होत नाही. दाखल्याला पालकांचा अर्ज लागतो. तुमचे वडील?"

"ते वारले!"

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या.

दारात भिकाजी आबा डोळे विस्फारून बघत होते. ते शेजारच्याला हळूच म्हणाले, "जिल्ह्याचा साहेब सातवीत बसायला आपल्या गावात येतो. आणि पोरीचं शिक्षण मी पुरं झालं म्हणत होतो."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. सातवीत एकटी मुलगी असती तर वर्ग बंद करता आला असता. पण पटावर तिच्यासोबत दोन विद्यार्थी होते आणि दोघांनाही काही येत नव्हतं. अशा मुलांना वाऱ्यावर सोडायला नियम परवानगी देत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गुरुजींना एकच गोष्ट सांगितली. "गुरुजी, आता तुम्ही फक्त त्या दोन कच्च्या विद्यार्थ्यांवर लक्ष द्या. बाकीच्यांना कुठं सोडू नका."

"बरं बाई. यापुढं तसंच."

बाकीची पोरं शेळ्या सोडून वर्गात आली. अनुसया आता बरोबर उत्तरं देते आणि आठवीत आहे. पिराजी तिच्या मागच्या बाकावर बसतो, विटेशिवाय. पहिल्या बाकावरचे दोघे कायम गैरहजर. गैरहजर मुलांना घरी जाऊन आणायचं, असाही एक आदेश आहे. म्हणून दर सोमवारी सखाहरी गुरुजी पोरांची फेरी घेऊन जिल्ह्याच्या कचेरीसमोर जातात. पोरं घोषणा देतात, "साहेब, साहेब, शाळेत चला!" शिपाई आतून दार लावून घेतो.

गुरुजी दाराच्या फटीतून मायेनं विचारतात, "साहेब, त्या प्रश्नाचं उत्तर आलं का?"

आतून मोठ्या साहेबांचा आवाज येतो, "प्रश्न विचाराधीन आहे!"

गुरुजी पोरांकडे वळतात. "अजून येत नाही त्यांना," ते म्हणतात. "चला, वर्ग चालू ठेवायला हवा."